भोकाचा हिशेब

बेंचरेस्ट हा टेबलावर ठेवलेल्या रायफलीने कागदाला भोके पाडण्याचा खेळ आहे. टेबल बहुधा काँक्रीटचे, म्हशीने अंग घासले तरी न हलणारे. रायफलीच्या पुढच्या अंगाखाली वाळूची पिशवी बसवलेली लोखंडी बैठक, मागच्या दस्त्याखाली सशाच्या कानांसारखी दोन टोके वर काढलेली दुसरी पिशवी, आणि या सगळ्या सरंजामामागे स्टुलावर नेमबाज. हात थरथरणे, श्वासाबरोबर नळी वरखाली होणे, ऐन वेळी छातीत धडधडणे या गोष्टी आवरण्यात इतर नेमबाजांची उमेदीची वर्षे जातात. इथे दोन पिशव्यांनी त्या परस्पर मिटवलेल्या असतात. कित्येक नेमबाज रायफलीला खांदा लावत नाहीत आणि गालही लावत नाहीत. फक्त बोटाचे टोक चापाला टेकते. मग माणूस कशाला लागतो, असा प्रश्न नवखा प्रेक्षक हमखास विचारतो. चूक झाली तर ती कोणाच्या तरी नावावर टाकावी लागते, म्हणून लागतो.

खेळ मुळात अमेरिकेचा. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या हौशी मंडळींनी त्याला संघटनेचे रूप दिले. नॅशनल बेंच रेस्ट शूटर्स असोसिएशन ही त्यातली जुनी. १९७० पासून इंटरनॅशनल बेंचरेस्ट शूटर्स ही दुसरी. निदान दोन संघटना असल्याशिवाय कोणतेही कार्य बाळसे धरत नाही, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. रायफलींचे गट वजनावर पाडलेले असतात. साडेदहा पौंडांपर्यंतचा एक, साडेतेरा पौंडांपर्यंतचा दुसरा. स्पर्धेआधी रायफल काट्यावर चढते. नेमबाजाला मात्र कोणी काट्यावर चढवत नाही, आणि दुपारच्या जेवणाच्या दृष्टीने ही फार सोयीची व्यवस्था आहे.

कागदाचे दोन भाग असतात. खालचा सरावाचा, वरचा हिशेबाचा. पाच गोळ्यांच्या फेरीला सात मिनिटे मिळतात. तेवढ्या वेळात खालच्या भागावर हव्या तितक्या गोळ्या झाडून वाऱ्याचा अंदाज घ्यावा, आणि वरच्या भागावर मोजून पाच झाडाव्यात. नियम इतका सोपा आहे की तो चुकणे अशक्य वाटते. म्हणूनच जवळजवळ प्रत्येक जण तो कधी ना कधी चुकतो. दुर्बिणीतून छत्तीसपट मोठे दिसणारे जग फार लहान असते. त्यात वर काय आणि खाली काय, हे विसरायला एक शिंक पुरते. मग पंचाच्या टेबलापाशी असे संवाद होतात:

“वरच्या भागावर सहा भोके आहेत.”

“त्यातले एक सरावाचे.”

“कोणते?”

“ते बाजूला गेलेले.”

पंच ते मान्य करत नाहीत.

मोजणीच्या दोन रीती आहेत आणि त्यांच्या अनुयायांचे एकमेकांशी फारसे पटत नाही. पहिली रीत पुंजक्याची. शंभर, दोनशे किंवा तीनशे यार्डांवर पाच गोळ्या झाडायच्या आणि पाच भोकांपैकी एकमेकांपासून सर्वांत दूर असलेल्या दोन भोकांमधले अंतर मोजायचे. अंतर जितके कमी तितका नेमबाज थोर. उरलेल्या तीन गोळ्या हजेरीपुरत्या. ही रीत लग्नातल्या पंगतीसारखी आहे: मसालेभात झकास, जिलबी गरम, मठ्ठा फर्मास, आणि वाढप्याच्या हातून मिठाचा एकच खडा वांग्याच्या भाजीत जास्त पडला, तर व्याही पुढची वीस वर्षे फक्त भाजीबद्दल बोलतात. संख्याशास्त्र जाणणारे सांगतात की पाचही भोकांची मध्यापासूनची सरासरी काढली तर न्याय जास्त होईल. होईलही. पण त्यासाठी दर कागदामागे पाच अंतरे मोजून भागाकार करावा लागतो, कागद ढीगभर असतात आणि पंचांनाही घरी जायचे असते.

पुंजक्याच्या रीतीत आणखी एक गंमत आहे. पुंजका चौकटीच्या आत कुठेही पडला तरी चालतो. किंबहुना जाणते नेमबाज दुर्बीण मुद्दाम अशी लावतात की गोळी नेम धरलेल्या जागी न लागता थोडी बाजूला लागावी. कारण नेमाच्या खुणेवरच भोक पडले तर पुढच्या गोळीला नेम धरायला खूण उरत नाही. म्हणजे नेम बरोबर लागणे ही इथे गैरसोय आहे. नेमबाजीचे शिक्षण गोफणीपासून सुरू झालेल्या माणसाला हे समजावून सांगताना बराच वेळ जातो.

आता अंतर मोजायचे ते भोकाच्या मध्यापासून मध्यापर्यंत. यात अडचण अशी की भोकाच्या मध्यावर काहीच नसते. कागद होता तोवर मध्य नव्हता. मध्य झाला तेव्हा कागद गेला. त्यामुळे पंच बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजतात आणि त्यातून गोळीचा व्यास वजा करतात. त्यातही कागद लबाड असतो. गोळी पार गेल्यावर तो आक्रसतो, त्यामुळे भोक गोळीपेक्षा जरा लहान भरते; कडेला काळपट डागाचे वलय तेवढे राहते. म्हणून पंचांकडे गोळीच्या मापाची वर्तुळे कोरलेले पारदर्शक भिंग असते. ते डागावर बरोबर बसवायचे आणि इंचाच्या हजाराव्या भागापर्यंतचा आकडा वाचायचा. सोनारही इतक्या बारकाईने पाहत नाही, आणि सोनाराच्या मागे उभे राहून “थोडे डावीकडे घ्या ना” असे म्हणणारे गिऱ्हाईकही कमीच.

या रीतीने मोजलेल्या पुंजक्यांचे विक्रम ऐकून सामान्य माणूस पहिल्यांदा दशांश चिन्हाची जागा तपासतो. १९७३ साली मॅक मॅकमिलन यांनी शंभर यार्डांवर पाच गोळ्यांचा ०.००९ इंचाचा पुंजका मारला. तो विक्रम चाळीस वर्षे टिकला. २०१३ साली माइक स्टिनेट यांनी तो ०.००७७ इंचांवर आणला. दोन आकड्यांतला फरक मिलिमीटरमध्ये काढला तर सुमारे ०.०३ येतो, म्हणजे डोक्यावरच्या केसाची अंदाजे अर्धी जाडी. या चाळीस वर्षांत नळ्या बदलल्या, गोळ्या बदलल्या, दारू तोलायचे काटे बदलले, कित्येकांच्या डोक्यावरचे केसही गेले. प्रगती अर्ध्या केसाची झाली.

पाच गोळ्या एकाच भोकातून जाऊ लागल्या की दुसरा प्रश्न उभा राहतो. त्या पाच होत्या कशावरून? एक भोकातून गेली आणि चार मागच्या टेकडीत गेल्या, तरी कागद तसाच दिसणार. नेमबाज सज्जन असतात, हे सर्व नियमपुस्तके गृहीत धरतात आणि त्याविरुद्ध चोख बंदोबस्तही करतात. लक्ष्याच्या कागदामागे कागदाची एक लांब पट्टी असते आणि फेरी चालू असताना ती हळूहळू बाजूला सरकत राहते. पुढचे भोक एक असले तरी सरकत्या पट्टीवर पाच भोके ओळीने उमटतात. तिच्याही मागे, काही अंतरावर, एक स्थिर कागद असतो. पुढच्या आणि मागच्या भोकांतली तिरकस रेषा पाहून गोळी कोणत्या टेबलावरून आली ते कळते. विक्रमाचा कागद मिरवायचा तर त्याच्यासोबत ही साक्षीची पट्टीही लागते. लग्नाच्या दाखल्यासोबत लग्नाचा फोटो मागावा, तसे.

मागच्या कागदाची गरज मुख्यतः शेजाऱ्यामुळे पडते. लक्ष्ये ओळीने लागलेली असतात, सगळी एकसारखी दिसतात, आणि कधी कधी नेमबाज अत्यंत अचूक गोळी शेजाऱ्याच्या कागदावर मारतो. मारणाऱ्याचा कागद चार भोकांचा राहतो, शेजाऱ्याचा सहा भोकांचा होतो, आणि दोघेही पंचाकडे एकाच वेळी पोहोचतात. पहिल्याला आपले भोक परत हवे असते. दुसऱ्याला ते नको असते.

“ही गोळी माझी नाही.”

“पण ती तुमच्या बाकी पाचांपेक्षा चांगली लागली आहे.”

“म्हणूनच सांगतो, माझी नाही.”

या चुकीला मोठी परंपरा आहे. न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमोर मैदानावर २६ सप्टेंबर १८७४ रोजी आयर्लंड आणि अमेरिका यांच्यात लांब पल्ल्याचा सामना झाला. तो बेंचरेस्टचा नव्हता. नेमबाज मैदानावर पडून मारत होते. आयर्लंडच्या मिल्नर यांनी एक गोळी अगदी मध्यात मारली, पण शेजारच्या लक्ष्याच्या. नियमाप्रमाणे शून्य गुण. अमेरिका ९३४, आयर्लंड ९३१. त्या वेळी मध्याला चार गुण मिळत, म्हणजे तीच गोळी आपल्या घरी पडली असती तर आयर्लंड एका गुणाने जिंकले असते. दीडशे वर्षांनंतरही शेजाऱ्याच्या कागदावर मारून आलेल्या माणसाचे सांत्वन करताना हा दाखला दिला जातो. सांत्वन होत नाही.

क्रीडमोरच्या त्या लोखंडी लक्ष्यांचा मध्य चौकोनी होता, प्रत्येक बाजू तीन फुटांची. चौकोनाचा दोष शाळकरी भूमितीतला आहे. बरोबर मध्यबिंदूपासून दीड फुटाहून जरा जास्त आडवी गेलेली गोळी बाहेर धरली जाई, आणि दोन फुटांहून जास्त तिरकी गेलेली कोपऱ्यात सापडून पूर्ण गुण घेई. म्हणजे चुकायचेच तर कोपऱ्याकडे चुकावे. पुढे लक्ष्ये गोल झाली आणि अन्याय संपला असे वाटले. अन्यायाने फक्त पत्ता बदलला.

दुसरी रीत गुणांची. इथे कागदावर हिशेबाची पाच लक्ष्ये असतात आणि प्रत्येकावर एकच गोळी झाडायची. शंभर यार्डांच्या प्रचलित अमेरिकी लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ अर्धा इंच व्यासाचे असते आणि त्याच्या मध्यात इंचाच्या सोळाव्या भागाचा एक ठिपका असतो. ठिपक्याला गोळी लागली तर दहा गुणांसोबत एक ‘एक्स’. पाच कागद, पंचवीस गोळ्या, एकूण अडीचशे गुण. हे अडीचशे गुण पाहता पाहता इतके जण मिळवू लागले की नुसत्या अडीचशेंना किंमत उरली नाही. सगळी चुरस एक्सवर आली. दहावीच्या निकालात शंभर टक्के मिळवणाऱ्यालाही हव्या त्या कॉलेजात प्रवेश मिळेल की नाही याची धाकधूक असते, त्यातलाच प्रकार. पैकीच्या पैकी गुण मिळवून अकरावा आलेला माणूस घरी फोन करतो, तेव्हा त्याला पुष्कळ खुलासा करावा लागतो.

या रीतीत भोकाची जी कड मध्याच्या सर्वांत जवळ, ती मोजतात. ठिपक्याला कड चाटून गेली तरी एक्स मिळतो. हुतुतूत रेघेला पाय लागला की नाही यावरून ज्यांनी लहानपणी शर्टाची बटणे गमावली आहेत, त्यांना पुढे काय होणार हे आताच दिसले असेल. पण खरा घोटाळा रेघेच्या आधी, गोळीच्या जाडीत आहे.

पुंजक्याच्या स्पर्धांत सहा मिलिमीटर पीपीसी नावाच्या बुटक्या काडतुसाचे राज्य आहे. पाल्मिसानो नावाचे डॉक्टर आणि पिंडेल नावाचे कारागीर यांनी १९७०च्या दशकात ते घडवले. त्याची गोळी ०.२४३ इंच जाडीची. पुंजक्यात गोळीचा व्यास वजाच होत असल्याने जाडीचा फायदा कोणाला नाही. गुणांच्या स्पर्धेत मात्र कोणाच्या तरी डोक्यात उजेड पडला: कड मोजायची असेल तर भोकच मोठे का पाडू नये? मग दुसऱ्या एका बुटक्या काडतुसाचे तोंड रुंद करून त्यात ०.३०८ इंचाची गोळी बसवली गेली. त्याला थर्टी बीआर म्हणतात आणि गुणांच्या मैदानांवर त्याने बाकीच्यांना जवळजवळ हद्दपार केले.

हिशेब साधा आहे. ठिपक्याची त्रिज्या इंचाचा बत्तिसावा भाग. सहा मिलिमीटरवाल्याच्या गोळीचा मध्य ठिपक्याच्या मध्यापासून ०.१५३ इंचाच्या आत पडला तर एक्स. थर्टीवाल्याला ०.१८५ इंचांपर्यंत मुभा. क्षेत्रफळ काढले तर थर्टीवाल्याचे लक्ष्य जवळजवळ दीडपट मोठे भरते. दोघांसमोर कागद तोच, ठिपका तोच, फी तीच. पण एक जण परातीत फुले टाकतो आहे आणि दुसरा ताटलीत. यावर थर्टीवाल्यांचे म्हणणे असे की मोठ्या गोळीचा दणकाही मोठा बसतो, रायफल पिशवीवर जास्त उसळते, सांभाळणे कठीण जाते. हे खरे आहे. हे सांगताना त्यांच्या हातात बहुधा चषक असतो.

न्याय करण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले. काही ठिकाणी प्रत्येक जाडीच्या गोळीसाठी वेगळ्या मापाच्या वर्तुळांचा कागद छापतात. हे तर्काला धरून आहे. फक्त सकाळी सहा वाजता, अर्धवट उजेडात, स्वयंसेवकाने योग्य माणसासमोर योग्य कागद टाचायला हवा. काही ठिकाणी भोक कसेही असो, सर्वांसाठी एकाच जाडीची मोजखुंटी त्यात घालून निकाल देतात. तिसरा उपाय म्हणजे कड सोडून मध्य मोजणे. पण मध्यावर काही नसते, हे वर आलेच आहे.

ऑलिम्पिकवाल्यांनी तो प्रश्न यंत्रावर सोपवला. तिथे इलेक्ट्रॉनिक लक्ष्य गोळीचा मध्य स्वतः ठरवते आणि दहाच्या आतही १०.९ पर्यंत दशांश देते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले ते ४५१.४ गुणांवर. गुडघ्यावर, पडून आणि उभे राहून, वाळूच्या पिशवीविना. पडद्यावर आकडा उमटतो, विषय संपतो. बेंचरेस्टवाल्यांना विषय असा संपलेला आवडत नसावा. ते अजून बहुतांशी कागदावरच आहेत.

अमेरिकन रिमफायर असोसिएशनने गाडी उलट्या दिशेने हाकली. पॉइंट टू-टू काडतुसाच्या या स्पर्धेत एका कागदावर पंचवीस लक्ष्ये असतात, मध्याला शंभर गुण, एकूण अडीच हजार. पण इथे भोकाची सर्वांत वाईट कड मोजतात. भोक पूर्णपणे वर्तुळाच्या आत हवे. रेघेला पुसटसा स्पर्श झाला की शंभराचे पन्नास. म्हणजे एका संप्रदायात रेघेला स्पर्श हे पुण्य, दुसऱ्यात तोच विटाळ. दोन्हीकडे खेळणारे नेमबाज असतात. शनिवारी ते पंचाला “लागली, लागली, नीट पाहा” म्हणून विनवतात आणि रविवारी दुसऱ्या पंचाला “लागलेली नाही, भिंग घ्या” म्हणतात. दोन्ही वेळा त्यांचा स्वर सारखाच प्रामाणिक असतो.

रेघ लागली की नाही हे ठरवण्यासाठी मोजखुंटी वापरतात. गोळीच्या जाडीचा धातूचा दांडा आणि त्याला कडा असलेली चकती. दांडा भोकात सोडायचा आणि चकतीची कड रेघेपाशी कुठे येते ते पाहायचे. खुंटी भोकात एकदाच घालावी, असा दंडक आहे. कारण भोक कागदाचे असते, आणि पुन्हा पुन्हा खुंटी घातली तर ते हळूहळू अर्जदाराच्या बाजूने रुंदावते. शिवाय रेघेलाही जाडी असते. कागद दमट असेल तर तो फाटतो आणि भोकाला चांदणीसारखे कोपरे फुटतात. कोरडा आणि ताठ असेल तर भोक कात्रीने कापल्यासारखे गोल पडते. पावसाळी हवेत मारणारा आणि उन्हात मारणारा यांना एकच नियम लावणे न्याय्य आहे का, यावर जेवणाच्या सुट्टीत चर्चा होते. ती सुट्टीनंतरही चालू राहते.

कागदाने कितीही न्याय केला तरी वारा करत नाही. म्हणून नेमबाज टेबलापासून लक्ष्यापर्यंत स्वतःच्या झेंड्यांची रांग लावतात: भिरभिरी, शेपट्या, रंगीत फिती. लांबून पाहणाऱ्याला जत्रा भरल्यासारखी वाटते. वारा एकाच टेबलावर मेहेरबान राहू नये म्हणून फेरीगणिक नेमबाज टेबले बदलत जातात. उपाय उत्तम आहे. त्यातून एवढेच निष्पन्न होते की दिवसाअखेर प्रत्येक नेमबाजाला प्रत्येक टेबलाचा वेगळा वारा तक्रारीसाठी उपलब्ध असतो. चांगल्या पुंजक्याचे श्रेय नळी, दारू, गोळी आणि स्वतः यांच्यात वाटले जाते. वाईट पुंजका पूर्णपणे वाऱ्याचा.

तपासलेले कागद शेवटी एका फळ्यावर किंवा भिंतीवर टाचतात. अमेरिकी मैदानांवर तिला ‘वेलिंग वॉल’ म्हणतात. मराठीत रडभिंत म्हणायला हरकत नाही. फेरी संपली की सगळे तिच्यापुढे जमतात. आपला कागद पाहायला अर्धे मिनिट लागते, दुसऱ्यांचे पाहायला पंधरा. गुण आणि एक्स दोन्ही सारखे भरले तर कागद ओळीने जुळवत जातात आणि जिथे पहिल्यांदा एकाचा एक्स हुकलेला दिसतो तिथे तो हरतो. या पद्धतीचे नाव क्रीडमोर. मिल्नर यांनी जिथे शेजाऱ्याच्या घरी गोळी टाकली, तेच.

असे मैदान पाहण्याचा योग आला तर वाचकाने कानात बोळे घालून जावे. भिंतीजवळ एखादा गृहस्थ दंडाला धरून, कागदापाशी नेऊन, भोकाकडे बोट दाखवत “तुम्ही त्रयस्थ आहात, तुम्हीच सांगा, रेघ लागली आहे ना?” असे विचारील. आधी ती लागलेली हवी आहे की न लागलेली, हे हळूच विचारून घ्यावे, आणि मगच भिंगाला डोळा लावावा.